मुंबईची विजेची ट्राम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत विजेची ट्राम नेमकी कधीपासून कधीपर्यंत धावली?

७ मे १९०७ ते ३१ मार्च १९६४. म्हणजे ५७ वर्षांना काही आठवडे कमी. पहिली गाडी महापालिकेच्या कचेरीपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत गेली. आज हे अंतर आपण चालतच काटतो, पण तो उद्घाटनाचा फेरा होता. घोडा नाही, वाफेचं इंजिन नाही आणि तरी गाडी चालते, हे लोकांना दाखवायचं होतं.

त्याआधी घोड्यांची ट्राम होती, हे खरं का?

खरं आहे, आणि तीही तब्बल तीन दशकं. खरं तर एका अमेरिकन कंपनीने १८६५ मध्येच घोड्यांच्या ट्रामचा परवाना मागितला होता आणि तो मिळालाही होता. पण अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, त्या युद्धामुळे चढलेले मुंबईच्या कापसाचे भाव कोसळले, शेअरबाजार बुडाला आणि ट्रामचा बेत कागदावरच राहिला. पुढे स्टर्न्स अँड किट्रेज यांनी तो हाती घेतला आणि ९ मे १८७४ रोजी गाड्या सुरू झाल्या. मार्ग दोन होते: कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुनी आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुनी.

कुलाबा ते पायधुनी भाडं तीन आणे होतं आणि तिकीट मात्र दिलं जात नसे. पुढे काय झालं असेल ते मुंबईकराला वेगळं सांगायला नको. भाडं दोन आण्यांवर आणावं लागलं आणि फुकट्या प्रवाशांना आवरायला त्याच वर्षी तिकिटं छापावी लागली. कंपनीच्या तबेल्यात नऊशे घोडे होते असं सांगतात. कुलाबा कॉजवेच्या पश्चिम अंगाला, आज जिथे इलेक्ट्रिक हाउस आहे, तिथे कंपनीचं ऑफिस होतं.

घोडे जाऊन वीज आली ती कशी? सरकारने आणली का?

नाही. या प्रश्नाचं उत्तर थोडं लांबवतो, कारण सगळ्या गोष्टीची मेख इथेच आहे.

१८९९ मध्ये घोड्यांची ट्राम चालवणाऱ्या बॉम्बे ट्रामवे कंपनीने ट्राम विजेवर चालवायची परवानगी पालिकेकडे मागितली. सोबत एक अटही घातली. मूळ कायद्याप्रमाणे १९०१ मध्ये ट्राम विकत घ्यायचा हक्क पालिकेला मिळणार होता. कंपनीचं म्हणणं असं की विजेसाठी एवढा पैसा आम्ही ओतायचा, तर तो हक्क तुम्ही सोडा. पालिकेने हक्क सोडला नाहीच, उलट कंपनीच ताब्यात घ्यायचं ठरवलं. मग कायद्याच्या अडचणी निघाल्या आणि काही वर्षं त्यातच गेली.

तेवढ्यात इंग्लंडची ब्रिटिश इलेक्ट्रिक ट्रॅक्शन कंपनी पुढे आली. ब्रश इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग ही तिची एजंट. ३१ जुलै १९०५ ला शहराला वीज पुरवायचा परवाना मिळाला, पाठोपाठ पालिका, जुनी ट्राम कंपनी आणि ब्रश यांच्यात करार झाला आणि त्यातून बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी उभी राहिली. तिने जुन्या कंपनीची मालमत्ता ९८ लाख ५० हजार रुपयांना घेतली. त्या काळच्या रुपयाची ताकद लक्षात घेतली तर ही प्रचंड रक्कम होती.

या कंपनीकडे एकाच वेळी दोन मक्तेदाऱ्या आल्या, शहरात ट्राम चालवायची आणि शहराला वीज विकायची. तिच्यासाठी हे दोन्ही धंदे एकमेकांना पूरक होते. वीजनिर्मितीचं केंद्र उभारायला अफाट खर्च येतो आणि १९०५ साली घरोघरी वीज घेणारी गिऱ्हाइकं नव्हती. ट्राम हे सकाळपासून रात्रीपर्यंत वीज खाणारं हक्काचं गिऱ्हाईक होतं. ट्रामची आठवण निघाली की बहुतेक लेख घंटा, गर्दी आणि एका आण्याच्या भाड्यापाशी थांबतात. माझ्या मते शहराच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट ही की मुंबईच्या घरातले दिवे आणि पंखे ट्रामच्या पाठीवर बसून आले.

मग ट्रामची वीज कुठे तयार व्हायची?

सुरुवातीला शहरातच, वाडी बंदरला. १९०७ मध्ये तिथे ४,३०० किलोवॅटचं वाफेवर चालणारं केंद्र सुरू झालं. कोळसा जाळायचा, वाफ करायची आणि तारेतून वीज सोडायची.

मग टाटांनी घाटावरचं पाणी अडवलं. लोणावळ्याजवळच्या तलावांचं पाणी खाली खोपोलीला उतरवून १९१५ पासून जलविद्युत तयार होऊ लागली. ट्राम कंपनीने १९१६ पासून टाटांकडून वीज घ्यायला सुरुवात केली आणि १९२५ पर्यंत सगळी वीज तिथूनच येऊ लागली. लालबागच्या उतारावर खडखडत जाणारी ट्राम सह्याद्रीतल्या पावसावर चालत होती म्हणा ना!

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मुंबईच्या वाढत्या विजेसाठीच पुढे मुळशीला धरण बांधलं गेलं आणि आपल्या जमिनी बुडणार म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सत्याग्रह केला. सेनापती बापटांचं नाव त्या लढ्यामुळेच घरोघरी गेलं. ट्रामसाठी मुळशी बुडाली असं म्हणणं चूक ठरेल, गिरण्यांची भूक तिच्यापेक्षा फार मोठी होती. पण स्वस्त विजेच्या हिशेबात ही बाजूही मांडायला हवी.

"बेस्ट" हे नाव ट्रामवरूनच पडलं का?

हो. बी.ई.एस.टी. मधला "टी" मुळात ट्रामवेजचा. कंपनी पालिकेकडे गेल्यावर त्याच "टी" चा ट्रान्सपोर्ट झाला. अक्षरं तीच राहिली, त्यामुळे फरक कुणाला जाणवलाही नाही.

बेस्ट वीजही विकते आणि बसही चालवते, हा विचित्र प्रकार का?

वर सांगितलेल्या १९०५ च्या व्यवहारामुळे. आजही कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंत विजेचं बिल बेस्टचं येतं. खाडी ओलांडून वांद्रे किंवा कुर्ल्याला गेलात की कंपनी बदलते. उपनगरांना वीज पुरवणारी कंपनी वेगळी निघाली, तीही बऱ्याच नंतर, १९२९ मध्ये. ट्रामनेही माहीम-शीवची खाडी कधी ओलांडली नाही. म्हणजे ट्राम बंद होऊन साठ वर्षं झाली तरी त्या काळची हद्द तुमच्या विजेच्या बिलावर शाबूत आहे.

ट्राम चालायची कशी? विजेचा धक्का बसायचा नाही का?

रस्त्याच्या वर एक तार ताणलेली असायची. ट्रामच्या टपावर स्प्रिंगचा लांब दांडा असे, त्याचं टोक खालून या तारेला टेकलेलं असे. वीज तारेतून दांड्यात, तिथून मोटारीत आणि चाकांतून रुळांवाटे परत केंद्राकडे जायची. एक तार आणि रूळ असं मंडळ पूर्ण होत असल्याने वर दुसऱ्या तारेची गरज पडत नसे. रूळ जमिनीच्या पातळीत गाडलेले आणि जमिनीशी जोडलेले, त्यामुळे त्यांच्यावर पाय पडला म्हणून कुणाला काही होत नसे.

मुंबईच्या ट्रामचे रूळ चार फूट साडेआठ इंचांचे होते. आपल्या लोकलचे रूळ त्याहून रुंद, साडेपाच फुटांचे. तेव्हा "लोकलच्याच रुळांवर ट्राम धावायची का" असं जे विचारतात त्यांना उत्तर: शक्यच नव्हतं.

शेवटच्या थांब्यावर ट्राम वळवत कशी?

ती वळवावीच लागत नसे. चालवायची सोय दोन्ही टोकांना असल्याने ड्रायव्हर आपला हँडल काढून दुसऱ्या टोकाला जायचा. टपावरचा दांडा दोरीने खाली ओढून उलट्या दिशेला फिरवून पुन्हा तारेला लावायचा. झालं, मागची बाजू पुढची झाली. चालत्या गाडीत हा दांडा कधी तारेवरून निसटला की ट्राम जागच्या जागी थांबे आणि कंडक्टर खाली उतरून दोरीशी झटापट करे.

ट्राम कुठून कुठे जायची?

सगळे मार्ग द्यायला बसलो तर पान पुरणार नाही आणि ते वेळोवेळी बदललेही. ढोबळ नकाशा असा: दक्षिणेला ससून डॉक आणि कुलाबा, तिथून म्युझियम, फ्लोरा फाउंटन, बोरीबंदर, क्रॉफर्ड मार्केट, पायधुनी. पुढे भायखळा, लालबाग, परळ करत दादर. पश्चिमेला धोबीतलाव, गिरगाव, ऑपेरा हाउस, गोवालिया टँक.

उत्तरेचं टोक दादर पूर्वेला खोदादाद सर्कलपाशी. तिथेच दादर ट्राम टर्मिनस, म्हणजे आजही टॅक्सीवाले ज्याला "दादर टी.टी." म्हणतात ती जागा. शहरात नव्या वसाहती आखणाऱ्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट या संस्थेने दादर-माटुंग्याच्या शेतजमिनी आणि वाड्या आखून तिथे वसाहती काढल्या होत्या. हिंदू कॉलनीत राहून फोर्टमध्ये नोकरी करायची, हा मध्यमवर्गीय मराठी दिनक्रम ट्राम आणि लोकल या दोघींनी मिळून शक्य केला.

भाडं किती होतं? एका आण्यात सगळी मुंबई फिरता यायची म्हणतात.

आजोबांच्या आठवणीत थोडी सूट धरा, पण फार नाही. १९२६ च्या सुमारास ससून डॉकपासून थेट दादरपर्यंत दीड आणा पडायचा, म्हणजे नंतरच्या हिशेबाने नऊ नवे पैसे. त्याच प्रवासाला बसचे चार आणे. अडीच पटीहून जास्त!

म्हणूनच सुरुवातीची काही वर्षं बस ही वरच्या मध्यमवर्गाची आणि ट्राम गरिबाची, अशी सरळ वाटणी होती. बसच्या थांब्यावर उभं राहणं ही ऐपत दाखवायची गोष्ट होती, हे आज ३५१ च्या रांगेत उभं राहून पटणं अवघड आहे.

दुमजली ट्राम खरंच होती?

होती, सप्टेंबर १९२० पासून. गर्दीच्या वेळी एका गाडीत जास्त माणसं मावावीत हाच उद्देश. मुंबईची ओळख झालेली दुमजली बस त्यानंतर सतरा वर्षांनी, १९३७ मध्ये आली. वरच्या मजल्यावर पुढची जागा पकडायची धडपड बसच्या आधीपासूनची आहे.

बस आल्याने ट्राम संपली का?

लगेच नाही. दोघी जवळजवळ चार दशकं एकत्र नांदल्या. ट्राम कंपनीनेच १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस सोडली. ऐन पावसाळ्यात नवी सेवा सुरू करायचं धाडस कुणाला सुचलं कोण जाणे. त्या वर्षअखेरपर्यंत सहा लाख प्रवासी बसने गेले आणि पुढच्या वर्षी ३८ लाख.

एक फरक मात्र पहिल्या दिवसापासून होता. ट्रामचा नवा मार्ग काढायचा तर रस्ता खणा, रूळ टाका, खांब उभारा, तार ओढा. बसचा नवा मार्ग काढायचा तर पाटी रंगवा. शहर उत्तरेकडे पसरू लागलं तसा हा फरक ट्रामला जड जात गेला.

पालिकेने ट्राम कधी ताब्यात घेतली?

७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी. पण त्याचा स्वातंत्र्याशी थेट संबंध नाही. १९०५ च्या करारातच पालिकेने कंपनी विकत घ्यायचा हक्क राखून ठेवला होता आणि तो बजावायची वेळ आली होती. १८९९ मध्ये ज्या हक्कावर पालिका अडून बसली, तोच शेवटी कामी आला. तेव्हा ट्रामसोबत २४२ बस, त्यांचे २३ मार्ग आणि शहराच्या विजेचा सगळा कारभार पालिकेकडे आला.

एवढी स्वस्त आणि धूर न सोडणारी गाडी बंद का केली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि तोही रागाने. एक कारण सांगून भागत नाही.

आधी रस्त्याचं बघू. मुंबईत रूळ रस्त्याच्या मधोमध होते. ट्राममध्ये चढायचं तर माणसाला फुटपाथ सोडून गाड्यांच्या मधून रस्त्याच्या मध्यावर जावं लागे. १९०७ मध्ये रस्त्यावर बैलगाड्या आणि व्हिक्टोरिया (घोडागाड्या) होत्या तेव्हा ते चालून गेलं. १९५५ मध्ये मोटारी, लॉऱ्या आणि बस यांच्यामधून तेच करणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यातून एक ट्राम बिघडली की मागच्या सगळ्या अडकायच्या, कारण बाजूने काढायची सोय नाही. काळबादेवी किंवा गिरगावच्या अरुंद रस्त्यांवर याचा काय गोंधळ होत असेल, याचा अंदाज तिथे आजही येतो.

मग माणसं. १९४१ च्या जनगणनेत बेटावरच्या शहराची लोकसंख्या १५ लाखांच्या आसपास होती, १९५१ मध्ये ती २३ लाखांवर गेली. फाळणीनंतर आलेली माणसं, गिरण्यांकडे येणारी कोकण-घाटावरची माणसं, सगळ्यांना प्रवास करायचा होता. जुन्या गाड्या, झिजलेले रूळ आणि मुद्दाम कमी ठेवलेलं भाडं यांच्या जोरावर ते पेलणं शक्य नव्हतं. नवे रूळ आणि गाड्यांसाठी पैसा घालायचा की तोच पैसा बसला द्यायचा, यात बस जिंकली.

आणि काळाची हवा. लंडनने १९५२ मध्ये ट्राम मोडीत काढली, मद्रासची १९५३ मध्ये बंद झाली, दिल्लीची १९६३ मध्ये. ट्राम म्हणजे जुनाट आणि बस म्हणजे आधुनिक, ही समजूत तेव्हा जगभर होती. मुंबईचे अधिकारी त्याला अपवाद असते तर नवल.

मला विचाराल तर, त्या वेळी समोर असलेल्या माहितीवर निर्णय अगदीच वेडगळ नव्हता. परळपासून दादरपर्यंतच्या रुंद रस्त्यावर मात्र ट्राम ठेवायला हरकत नव्हती. तिथे जागा होती आणि प्रवासीही होते. सरसकट सगळंच उखडण्याची घाई झाली.

शेवटच्या दिवशी काय झालं?

ट्राम एका रात्रीत बंद झाली नाही. पन्नाशीच्या दशकापासून तोट्यातले मार्ग एकेक करून कमी होत गेले आणि शेवटी बोरीबंदर-दादर उरला. ३१ मार्च १९६४ रोजी रात्री दहा वाजता बोरीबंदरहून शेवटची ट्राम निघाली आणि दादरला गेली. निरोपाला लोकांची झुंबड उडाली होती. आर्थिक वर्ष त्याच रात्री संपत होतं, त्यामुळे हिशेबनिसांनाही तारीख सोयीची पडली असणार.

आई म्हणते तिने १९६५ नंतरही तारांवर चालणारी गाडी पाहिली आहे. ती ट्रामच ना?

नाही, ती ट्रॉलीबस. गोवालिया टँक ते माझगाव अशी ती जून १९६२ मध्ये सुरू झाली आणि मार्च १९७१ मध्ये बंद पडली. तिला रबरी टायर होते आणि ती रुळांवर नाही, डांबरी रस्त्यावर चालायची. रूळ नसल्याने वीज परत न्यायला वर दुसरी तार लागे, म्हणून तिच्या टपावर एक नाही, दोन दांडे असत. आईची आठवण बरोबर आहे, फक्त गाडीचं नाव वेगळं.

भारतातली पहिली विजेची ट्राम मुंबईचीच ना?

नाही. पहिला मान मद्रासचा, ७ मे १८९५. मुंबईची सुरुवात बरोबर बारा वर्षांनी, त्याच तारखेला. कोलकात्यातही १९०२ मध्येच विजेची ट्राम आली होती. घोड्यांच्या ट्रामच्या बाबतीतही कोलकाता १८७३ मध्ये आपल्या एक वर्ष पुढे होतं.

महाराष्ट्रात आणखी कुठे ट्राम होती?

नाशिकला होती, पण विजेची नव्हती. १८८९ मध्ये सुरू झालेली ही ट्राम मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत आठ-दहा किलोमीटर जायची. दोन डबे आणि ओढायला चार घोडे. तिच्या रुळांची आखणी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने केली. बार्शी लाइट रेल्वे काढणारा तोच हा गृहस्थ. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद झाली.

आज मुंबईत ट्रामचं काय पाहायला मिळतं?

रस्त्यावर फारसं काही नाही. बऱ्याच ठिकाणी रूळ उखडायची तसदी न घेता वर डांबर ओतलं गेलं. त्यामुळे ते अधूनमधून डोकं वर काढतात. २०१७ मध्ये फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीच्या खोदकामात असेच रूळ सापडले होते.

नीट पाहायचं असेल तर बेस्टच्या आणिक आगारातलं संग्रहालय गाठा. ट्रामच्या प्रतिकृती, जुनी तिकिटं, तिकिटाला भोक पाडायची यंत्रं तिथे आहेत. आगार चालू असल्याने वेळ आधी विचारून गेलेलं बरं.

मुंबईत ट्राम परत येईल का?

जुन्या रूपात येणं कठीण वाटतं. रस्त्याची जागा आता मेट्रोचे खांब आणि उड्डाणपूल यांनी व्यापली आहे. देशात ट्राम टिकवून ठेवणाऱ्या कोलकात्यानेही २०२४ मध्ये बहुतेक मार्ग बंद करायचं जाहीर केलं.

घरात ट्रामचा जुना फोटो आणि तिकीट सापडलं आहे. काळ कसा ओळखायचा?

फोटोत आधी वर बघा. रस्त्यावर तारा नसतील आणि गाडीला घोडे असतील तर फोटो मे १९०७ च्या आधीचा. टपावर दांडा दिसला तर नंतरचा. दुमजली ट्राम असेल तर सप्टेंबर १९२० नंतरचा आणि शेजारी बस दिसत असेल तर जुलै १९२६ नंतरचा. ती बसही दुमजली असली की १९३७ च्या पुढे या. ट्रामच्या मागे दोन दांड्यांची ट्रॉलीबस दिसली तर तुम्ही नशीबवान आहात, कारण त्या दोघी मुंबईच्या रस्त्यांवर एकत्र होत्या त्या जेमतेम पावणेदोन वर्षं, १९६२ ते १९६४.

तिकिटावर नाव वाचा. "ट्रामवेज कंपनी" असेल तर ते ऑगस्ट १९४७ च्या आधीचं. भाडं नव्या पैशांत छापलं असेल तर १ एप्रिल १९५७ नंतरचं, आण्यांत असेल तर बहुधा त्याआधीचं. तिकिटाला लॅमिनेशन करू नका, जुना कागद त्यात खराब होतो. आम्लविरहित कागदात ठेवा आणि मागे पेनने काही लिहू नका.